अपघाताच्या क्लेमची रक्कम कशी काढायची : बेळगाव सीमाभागातल्या जखमींसाठी

रस्ता अपघातात हाड मोडलं की पहिला प्रश्न येतो, ‘क्लेम किती बसेल?’ चौकात कोणी दोन लाख सांगतं, कोणी वीस. खरं तर हा आकडा कागदावर मांडता येतो. जखमीचं उत्पन्न, वय आणि कायमच्या अपंगत्वाचा टक्का या तीन गोष्टींवर त्याचा मोठा भाग ठरतो. त्यातलं वय शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मिळतं. उरलेल्या दोन्हींवरच कोर्टात खरी लढाई होते.

हिशेब एका कल्पित उदाहरणाने पाहू. उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर काम करणारा ३४ वर्षांचा कामगार. पगार महिना १८,०००, नोकरी कायम नाही. राष्ट्रीय महामार्गावर मोटारसायकलला मागून टेम्पोची धडक बसली आणि उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. प्लेट-स्क्रू बसवले, चार महिने घरी.

आधी भविष्यातलं नुकसान. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळीशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के वाढ धरतात. ४० ते ५० वयाला २५ टक्के आणि ५० ते ६० ला १० टक्के. म्हणजे १८,००० अधिक ७,२०० मिळून २५,२००. वर्षाचे झाले ३,०२,४००. त्याला वयाप्रमाणे गुणक, म्हणजे गुणायचा ठरलेला आकडा, लावायचा. सरला वर्मा निकालातला (२००९) तक्ता असा: वय २५ पर्यंत १८, ३० पर्यंत १७, ३५ पर्यंत १६, ४० पर्यंत १५, ४५ पर्यंत १४, ५० पर्यंत १३, ५५ पर्यंत ११, ६० पर्यंत ९, ६५ पर्यंत ७ आणि पुढे ५. इथे गुणक १६, म्हणून ४८,३८,४००. याचा अपंगत्वाइतका टक्का घ्यायचा. मृत्यूच्या क्लेममध्ये मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी वजावट होते, जखमीच्या क्लेममध्ये होत नाही. तरी ती वजा करण्याची चूक पुष्कळ जण करतात. जखमींनाही ही ४० टक्क्यांची वाढ लागू असते, पण ती मागितली नाही तर निकालातून सहज गळते. अर्जात ती स्पष्ट लिहून घ्या.

आता टक्का. डॉक्टरांनी पायाचं अपंगत्व ३६ टक्के लिहिलं, तर आपल्याकडची कोर्टं बऱ्याचदा त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे १२ टक्के, पूर्ण शरीराचा धरतात. १२ टक्क्यांनी रक्कम होते ५,८०,६०८. पण कायदा इथे थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा राज कुमार विरुद्ध अजय कुमार निकाल (२०१०) सांगतो, की पाहायचं ते कमाईची ताकद किती गेली ते. डावा हात तुटला तर ड्रायव्हर किंवा सुतार यांची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, कारकुनाची तितकी जात नाही. आठ तास उभं राहून मशीन चालवणाऱ्याला गुडघा न वाकणं म्हणजे काय, हे साक्षीत आलंच पाहिजे. कोर्टाने २० टक्के मानले तर तीच रक्कम ९,६७,६८० होते. फरक ३,८७,०७२ रुपयांचा. म्हणून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच साक्षीला आणण्याचा प्रयत्न करा. ज्यांनी उपचार केले नाहीत, नुसता दाखला दिला, त्यांचा टक्का उलटतपासणीत लवकर घसरतो.

बाकीच्या बाबी पटकन मांडू. चार महिन्यांचा बुडालेला पगार ७२,०००. औषध-दवाखाना बिलांप्रमाणे, समजा १,८५,०००. वेदनांपोटी ५०,०००, जगण्यातल्या सुखाला मुकल्याबद्दल ५०,०००, सोबतचा माणूस, जेवण आणि प्रवास २५,०००, पुढे प्लेट काढायला ४०,०००. १२ टक्क्यांच्या हिशेबाने सगळे मिळून १०,०२,६०८. शिवाय अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, बऱ्याचदा ६ टक्क्यांच्या आसपास. पुढच्या ऑपरेशनच्या रकमेवर मात्र सहसा व्याज देत नाहीत.

रक्कम बुडते ती बहुतेक पहिल्या दिवशीच. दवाखान्यात तातडीच्या विभागात जखमी कसा झाला हे विचारून लिहितात. घाबरलेला नातेवाईक ‘गाडीवरून पडला’ एवढंच सांगतो, आणि विमा कंपनी पुढे त्याच ओळीवर बोट ठेवते. गाडीने धडक दिली हे तिथेच, गाडीच्या नंबरासह नोंदवून घ्या. ‘मिटवून घेऊ’ म्हणून एफआयआर लांबवली तर उशिराचा खुलासा द्यावा लागतो. महजर (पोलिसांचा पंचनामा) आणि नकाशातली गाड्यांची जागा चुकीची असेल तर तुमचाही दोष धरतात. २५ टक्के धरला तर वरच्या रकमेतले ७,५१,९५६ उरतात.

उत्पन्नाचा कागद नसला तर कोर्ट अपघाताच्या वर्षाचं ठोकळ उत्पन्न धरतं. कर्नाटकात त्यासाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाचा वर्षवार तक्ता वापरतात. तुमची कमाई त्याहून जास्त असेल तर पगाराची स्लिप, बँकेचं पासबुक, ऊसबिलं, डेअरीचं दूधबिल जमवा. शेतकऱ्याला एक अडचण येते: पहाणीउतारा (जमिनीचा सरकारी उतारा) दाखवला की कंपनी म्हणते, जमीन तर जागेवरच आहे. म्हणून आपण स्वतः करत होतो ती कामं आता मजुराकडून करून घ्यावी लागतात, हे मजुरीच्या हिशेबासह दाखवा.

चंदगड किंवा कोल्हापूरकडे अपघात झाला तरी तुम्ही राहता तिथल्या ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टात, अर्ज करता येतो. महाराष्ट्रातली एफआयआर आणि पंचनामा मराठीत असतो, इथे भाषांतर जोडावं लागतं. त्याला वेळ धरा, कारण कायद्यात आता अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे.

लोकअदालतीत कंपनीने रक्कम देऊ केली, की वरचा हिशेब समोर ठेवूनच सही करा. तिथला तडजोडीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ट्रायब्युनलच्या निकालाविरुद्ध मात्र ९० दिवसांत कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जाता येतं.