हवा कोरडी व्हायला लागली की घरी करायचा बॉडी स्क्रब

पानगळीचे दिवस आले, हवेतला ओलावा कमी झाला की पहिली खबर नडगीला लागते. नखाने हलकंसं ओढलं तरी पांढरी रेघ उमटते, कोपरं काळवंडल्यासारखी दिसतात, लोशन लावावं तर ते आत जिरतच नाही, नुसतं वरवर फिरत राहतं. मग बहुतेक लोक काय करतात तर खरखरीत स्क्रब आणून जोर काढतात. उन्हाळ्यात त्वचा घामट तेलकट असते तेव्हा थोडं जास्त घासलेलं खपून जातं, या दिवसात नाही खपत. म्हणून या ऋतूतल्या स्क्रबचा हिशेबच वेगळा ठेवायचा, दाणा बारीक, तेल सढळ आणि हात एकदम हलका. वरचे सुटत आलेले पापुद्रे निघाले की झालं, बाकीचं काम नंतरच्या क्रीमचं.

कारण थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं पटेल. त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात, हाच थर आतलं पाणी आत धरून ठेवतो. मोठ्या माणसात तो साधारण 4 आठवड्यांत नवा होतो, वय वाढेल तसा जास्त वेळ लागतो. जुन्या पेशी सुट्या होऊन गळायलाही थोडा ओलावा लागतो, तो कमी पडला की त्या अर्धवट चिकटून राहतात आणि पापुद्रे दिसतात. त्यात आपण कढत पाण्याची अंघोळ सुरू करतो, ती उरलासुरला तेलकटपणाही घेऊन जाते. आता याच थराला जाड मिठाने खसाखसा घासलं तर त्या दिवशी गुळगुळीत वाटेल पण दोन दिवसांनी त्वचा आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखी होईल.

दाणा कुठला घ्यायचा

अंगासाठी साखर, याला माझ्या मते तोड नाही. पाण्यात विरघळते, म्हणजे तुम्ही घासत राहिलात तरी दाणा आपोआप बारीक होत जातो. फक्त नेहमीची जाड साखर तशीच घेऊ नका, मिक्सरला दोनतीनदा नुसती फिरवून घ्या, पिठी होऊ द्यायची नाही. साखरेत ग्लायकॉलिक ॲसिड असतं म्हणून ती केमिकल पीलसारखं (ॲसिड लावून वरचा थर काढतात त्यासारखं) काम करते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते खरं नाही. ते ॲसिड उसात सापडतं, डब्यातल्या साफ केलेल्या साखरेचं काम फक्त घासण्याचं.

मिठाचा खडा कडक असतो, बारीकशी चीर असली तरी झोंबतं, त्यामुळे मीठ फक्त तळपायाला आणि टाचेला. अक्रोडाच्या टरफलाची, फळांच्या बियांच्या कवचाची पूड वगैरे प्रकार विसरा, त्यांना धारदार कडा असतात आणि पाण्यात त्या विरघळत नाहीत. प्लास्टिकच्या बारीक मण्यांचा तर प्रश्नच मिटलाय, धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत ते घालायला अमेरिकेने 2015 च्या कायद्याने बंदी घातली, ब्रिटनने 2018 मध्ये.

साखरेचा बेस, ज्यावर सगळं उभं आहे

1 कप फिरवलेली साखर, म्हणजे साधारण 200 ग्रॅम, आणि पाव ते अर्धा कप तेल. तेल एकदम ओतायचं नाही. आधी पाव कप घाला, काट्याने कालवा, मग चमच्या चमच्याने वाढवत जा. चिमूटभर घेऊन बोटात दाबून बघायचं, ओल्या वाळूसारखं जमलं पाहिजे, बोटं उघडली की पटकन सांडू नये आणि तेलही मनगटाकडे ओघळू नये. एवढं जमलं की थांबायचं नाही, या ऋतूसाठी अजून एक दोन चमचे तेल घालायचं, थोडं ओलसरच ठेवायचं. बरणी ठेवली की तेल वर येऊन उभं राहतं, ते बिघडलेलं नसतं, वापरायच्या आधी ढवळायचं एवढंच.

तेलाचं मात्र बघून घ्या. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे रात्री मस्त मऊसर झालेला स्क्रब गार सकाळी उघडावा तर दगड, चमचा आत जात नाही आणि ओल्या अंगाने उभं राहून कोण खरवडत बसणार. खोबरेल आवडत असेल तर निम्मं खोबरेल निम्मं दुसरं पातळ तेल घ्या. सूर्यफूल, तीळ, बदाम, जोजोबा यातलं कुठलंही चालतं, मला सूर्यफुलाचं बरं वाटतं, हलकं असतं आणि वास जवळजवळ नाहीच. बदामाचं तेल घ्यायचं तर घरात कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी नाही ना हे आधी विचारा. ऑलिव्ह ऑइल मी टाळते, त्यात ओलेइक ॲसिड भरपूर असतं आणि ते कोरड्या त्वचेचा वरचा थर उलट कमकुवत करू शकतं.

मध घालायचा तर एक चमचा, पण तो मोठ्या बरणीत घालू नका, चिकट गोळा होतो. वाटीत तेवढ्यापुरता स्क्रब काढून त्यात घाला.

वास, आणि दालचिनीचं प्रकरण

या दिवसातले स्क्रब म्हणजे दालचिनी, लवंग, जायफळ, सगळं कसं उबदार उबदार. कल्पना छान आहे पण त्वचेला विचाराल तर ती नको म्हणेल. दालचिनीला जो वास येतो तो सिनॅमाल्डिहाइडचा, आणि हे त्वचेला चुरचुरवणाऱ्या आणि ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांपैकी चांगलंच ओळखीचं नाव आहे, लवंगेतलं युजेनॉल त्याच पंगतीतलं. अंग लाल होऊन गरम वाटतं त्याला लोक रक्ताभिसरण वाढलं म्हणतात, ती जळजळ असते हो. दालचिनीचं इसेन्शियल ऑइल, म्हणजे वासाचा तीव्र अर्क, तर घरच्या स्क्रबात अजिबात नको. वास हवाच असेल तर व्हॅनिलाची शेंग चिरून ती आठवडाभर कोरड्या साखरेत पुरून ठेवा, साखरेला इतका छान वास लागतो की दुसरं काही लागत नाही.

लॅव्हेंडरसारखं सौम्य इसेन्शियल ऑइल वापरणार असाल तर 30 मिली तेलाला जास्तीत जास्त 6 थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का. कोरडी त्वचा आधीच उघडी पडलेली असते त्यामुळे मी तर याच्याही निम्मेच घेईन. हे थेंब आधी स्क्रबच्या तेलात मिसळायचे आणि मग ते तेल साखरेत, थेट साखरेवर थेंब टाकले की एकाच जागी साचतात.

लिंबू पिळू नका. रस भयंकर आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 2 ते 2.5 च्या आसपास, वर त्यातले काही घटक त्वचेवर राहिले आणि ऊन लागलं तर फोड येतात, डाग पडतात आणि ते डाग बरेच दिवस जात नाहीत. खायच्या सोड्याचं उलट, तो अल्कधर्मी, आणि त्वचेचा कल थोडा आंबटाकडे असतो, पीएच साधारण 5 धरा. दोन्ही स्वयंपाकघरातच राहू देत.

नाजूक त्वचेला ओट्स

ज्यांचं अंग जरा घासलं की खाजतं त्यांनी साखरेच्या वाटेलाच जाऊ नये, ओट्स घ्यावेत. बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2003 मध्ये त्वचेचं संरक्षण करणारा पदार्थ म्हणून मान्यता दिलीय, त्यातल्या बीटा ग्लुकनने ओलावा धरला जातो आणि ॲव्हेनॅन्थ्रमाइड नावाच्या घटकांनी खाज शांत होते. साधे, बिनसाखरेचे, बिनफ्लेवरचे ओट्स अर्धा कप घ्या आणि मिक्सरमध्ये अगदी पीठ करा. जमलं का ते बघायला ग्लासभर पाण्यात एक चमचा टाकून ढवळा, पाणी दुधाळ झालं आणि तळाशी लगेच चोथा बसला नाही तर बरोबर. थोडा दाणा हवाच असेल तर दोन चमचे ओट्स जरा भरड ठेवून त्यात मिसळा.

हे पीठ कोरडंच डब्यात भरून ठेवायचं. अंघोळीच्या वेळी तळहातावर दोन तीन चमचे घेऊन कोमट पाण्यात कालवायचे, वरून अर्धा चमचा तेल. दही किंवा दूध घातलं तरी चालेल पण मग ते तेव्हाच संपवायचं.

कॉफी

3 चमचे बारीक दळलेली कॉफी, 2 चमचे साखर, 3 चमचे तेल. इन्स्टंट नाही, ती पाण्यात विरघळून नुसतं तपकिरी पाणी होतं. उरलेला गाळ वापरला तर फार उत्तम, फक्त ओला गाळ दोन चार दिवसात बुरशी धरतो, म्हणून ताटात पसरून पूर्ण वाळवायचा नाहीतर त्याच दिवशी वापरून टाकायचा. कॉफीने सेल्युलाइट, म्हणजे मांड्यांवर वगैरे दिसणारा चरबीचा खडबडीतपणा, जातं ही जाहिरातबाजी आहे, कॅफिनने त्वचा थोडा वेळ घट्ट दिसते, तेवढंच. फरशीच्या फटीत आणि फिकट टॉवेलवर डाग मात्र नक्की राहतात.

भोपळ्याचं लगेच सांगून टाकते. उकडलेल्या भोपळ्याचा गर 2 चमचे, साखर 2 चमचे, तेल 1 चमचा, दिसायला सुंदर, लावायला गार मऊ, पण लगेच वापरायचा. त्यातली एन्झाइम्स त्वचा उजळवतात म्हणतात, पण गर शिजवला की एन्झाइम्स काही उरत नाहीत. मजा म्हणून करा.

टिकवायचा कसा

घरच्या स्क्रबात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, त्यामुळे नियम एकच, पाणी शिरू द्यायचं नाही. साखर आणि तेल दोन्ही कोरडी असतील तर बरणी महिना दोन महिने आरामात राहते, पण ओला हात एकदा घातला की जंतूंची सोय झाली. कोरड्या चमच्याने वाटीत काढायचं आणि बरणी बाथरूमच्या बाहेर ठेवायची. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घातली की स्क्रब टिकतो असं समजतात, तर त्याने तेल खवट व्हायला वेळ लागतो, बुरशी आणि जंतू त्याला दाद देत नाहीत. वास बदलला, कडेला ठिपके दिसले की सरळ फेकून द्या.

लावायचा कसा

नवीन स्क्रब आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून धुवा आणि एक दोन दिवस वाट बघा. लाल झालं नाही, खाजलं नाही तर पुढे.

आधी 5 ते 10 मिनिटं कोमट पाण्यात अंग भिजू द्या, कोरड्या अंगावर स्क्रब घासायचा नाही. मूठभर घेऊन बोटांच्या पेरांनी छोटे छोटे गोल फिरवा, एका जागी साधारण अर्धा मिनिट पुरे. तळहाताने दाबून नाही, दाबलं की दाणा रुततो. नडगीवर हाड लगेच खाली असतं तिथे तर नुसता स्पर्श, कोपर गुडघ्याला थोडं जास्त, गळा छाती मी सोडूनच देते. चेहऱ्याला यातलं काहीही नाही. कोमट पाण्याने धुवा, साबण परत लावू नका, टॉवेलने टिपा, आणि अंग ओलसर असतानाच, म्हणजे तीनेक मिनिटांत, जाडसर क्रीम लावा. ही शेवटची पायरी टाळणार असाल तर स्क्रब न केलेलाच बरा.

आठवड्यातून एकदा बस. शेव्हिंग किंवा वॅक्सिंग करायचं असेल तर स्क्रब आदल्या दिवशी, नंतर लगेच कधीच नाही. एक्झिमा, सोरायसिस, ताजी जखम किंवा उन्हाने भाजलेली जागा असेल तर हात लावू नका, अंगावर रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध) किंवा ॲसिडवालं काही लावत असाल तरी थांबा. डायबेटिस असणाऱ्यांनी पायाला मीठ चोळू नये, पायाची संवेदना कमी असली तर कातडं सोललेलं कळतही नाही. दंडाच्या मागे जे बारीक खरखरीत पुरळ असतं ते घासून जात नाही, उलट लाल होतं, त्याला युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडचं लोशन लागतं.

आणि फरशी! तेलाने ती इतकी निसरडी होते की पुढचा माणूस हमखास घसरतो. खाली रबरी मॅट टाका, बाहेर पडायच्या आधी गरम पाणी आणि भांड्याचा साबण टाकून ब्रशने घासून घ्या. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी ठेवा कारण कॉफी आणि तेल एकत्र झालं की पाईप तुंबतो, आणि जाळीतला गाळ कुंडीत न टाकता कचऱ्यातच टाका, तेल असतं त्यात.