कस्टम नंबर फॉरमॅट: या चुका टाळा

एक्सेलमध्ये आकडा कसा दिसावा हे सांगणारा छोटा कोड म्हणजे कस्टम नंबर फॉरमॅट. फॉरमॅट बदलला की आकडा वेगळा दिसतो, पण सेलमधली किंमत, म्हणजे मूळ आकडा, तीच राहते. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. समजा, तीन सेलमध्ये १.४ आहे आणि फॉरमॅट 0 आहे. दिसतात १, १, १ आणि बेरीज ४! खरी बेरीज ४.२ आहे, ती ४ अशी दिसते. दिसणाऱ्या आकड्यांचीच बेरीज हवी असेल तर प्रत्येक आकड्याला राऊंड फंक्शन लावा.

सगळ्यात घातक चूक अर्धविरामांची. कोडचे अर्धविरामाने (;) वेगळे केलेले चार भाग असतात: धन, ऋण, शून्य, मजकूर, क्रम हाच. ऋण भाग वेगळा लिहिला की उणे चिन्ह आपोआप येत नाही. 0.00;0.00 लिहिलंत तर उणे ५ सुद्धा ५.०० दिसेल, म्हणजे तोटा नफा म्हणून वाचला जाईल. 0.00;-0.00 लिहा. शून्य लपवायला अनेकजण 0;-0;; वापरतात. त्यात चौथा भागही रिकामा राहतो आणि त्या सेलमधला मजकूरही गायब होतो. 0;-0;;@ लिहिलं की मजकूर टिकतो. काही गायब झालंय असं वाटलं तर आधी फॉर्म्युला बार (शीटच्या वरची पट्टी) बघा. किंमत तिथे असतेच.

#.## हा कोड दिसायला सुटसुटीत, पण ०.५ चं .५ करतो आणि ५ पुढे नुसता टिंब सोडतो. 0.00 बरा. कोडच्या शेवटी चुकून स्वल्पविराम पडला तर आकडा हजाराने भागून दिसतो. आधीच ५ लिहिलेल्या सेलला टक्क्यांचा फॉरमॅट लावला तर ५००% दिसतं, तिथे ०.०५ हवं. वेळेच्या बेरजेत २६ तासांचे २ दिसत असतील तर कोडमधलं तासाचं अक्षर h चौकटी कंसात घाला: [h].

कोणताही कोड टाका, आकडा हलतच नाही? मग तो बहुधा मजकूर म्हणून साठवलेला आहे; असे आकडे सहसा डावीकडे चिकटतात. आधी फॉरमॅट जनरल करा. मग रिकाम्या सेलमध्ये १ लिहून कॉपी करा आणि त्या आकड्यांवर पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज व मल्टिप्लाय निवडा.

एक्सेलमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी मजकूर फाइल) काढताना मात्र उलटं घडतं: जे दिसतं तेच फाइलमध्ये जातं. ३.१४१५९ ला 0.00 लावलेला असेल तर फाइलमध्ये ३.१४ च उरतं. सेव्ह करण्याआधी हवे तेवढे दशांश उघडून ठेवा.