जनरल इन्शुरन्समध्ये ॲक्च्युअरी होताना: जुना डेटा आणि नव्या जोखमी

स्टॅटिस्टिक्स किंवा गणित घेऊन पदवी झालेली मुलं ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या परीक्षांकडे वळतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा आयुर्विमा असतो. मृत्युदराचे तक्ते, वीस-वीस वर्षांच्या पॉलिसी, पेन्शन. मी सांगलीची. एम.एस्सी. झाले तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. नोकरी मात्र मुंबईत जनरल इन्शुरन्समध्ये लागली आणि आता मला इथून हलायची इच्छा नाही. गाड्या, आग, पूर, जहाजावरचा माल, पीक, सायबर हल्ले असं सगळं आमच्या टेबलावर येतं.

परीक्षांबद्दल थोडक्यात सांगते. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसेट ही प्रवेश परीक्षा पास केली की विद्यार्थी सदस्यत्व मिळतं. मग सीएस (संख्याशास्त्र), सीएम (ॲक्च्युअरीचं गणित), सीबी (व्यवसाय) हे पायाचे पेपर, त्यापुढे सीपी. जनरल इन्शुरन्स घ्यायचं ठरलं तर एसपी ७ (रिझर्व्हिंग, म्हणजे पुढे द्यायच्या क्लेमसाठी तरतूद, आणि भांडवल), एसपी ८ (प्रायसिंग) आणि शेवटी एसए ३. नोकरी सांभाळून हे सगळं करताना बरीच वर्षं जातात आणि एखादा पेपर पुन्हा द्यावा लागणं ही इथली रोजची गोष्ट आहे. सीएसच्या पेपरांत आर ही संगणकाची भाषा वापरावी लागतेच. एक्सेल आणि एसक्यूएल कामावर रोज लागतं आणि पायथन आलं तर उत्तम. याबद्दलची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून मी इथेच थांबते.

मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. क्लेम आजवर जसे उलगडत आले तसेच पुढेही उलगडतील, या गृहीतकावर आमचं बरंचसं काम उभं आहे. सध्या या क्षेत्रापुढे असलेले बहुतेक प्रश्न हे गृहीतक कुठे ना कुठे मोडल्यामुळे निर्माण झाले आहेत. अभ्यासक्रमात हे लिहिलेलं असतं. पण त्याचं वजन काय असतं, हे प्रत्यक्ष कामावर बसल्यावरच कळतं.

थर्ड पार्टीपासून सुरुवात करा

संधी मिळाली तर पहिल्या वर्षी मोटार थर्ड पार्टीचं (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्याचं) रिझर्व्हिंग मागून घ्या. इथे जे शिकायला मिळतं ते दुसऱ्या कुठल्याही विभागात इतक्या लवकर मिळत नाही.

अपघात आज होतो. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काही महिन्यांनी दाखल होतो, निकालाला वर्षं लागतात आणि मग अपील. त्या सगळ्यासाठी आज पैसे बाजूला ठेवायचे असतात. शिवाय जे अपघात होऊन गेलेत, पण ज्यांचे कागद अजून कंपनीपर्यंत आलेलेच नाहीत, त्यांच्यासाठीही तरतूद करायची असते. तिला आम्ही आयबीएनआर म्हणतो. प्रीमियमचा दर मात्र कंपनीच्या हातात नाही, तो सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये होते. त्या बदल्यात मृत्यू किंवा शारीरिक दुखापतीसाठी कंपनीची जबाबदारी अमर्याद असते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. म्हणजे पाचव्या वर्षी होणाऱ्या अपघाताचे पैसे आजच्या दराने आधीच गोळा झालेले असतात.

आता एक हिशेब बघा. तीस वर्षांचा, महिना ३०,००० रुपये कमावणारा, कायम नोकरी नसलेला माणूस अपघातात गेला. मागे पत्नी आणि दोन मुलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिले. या वयाला १७. अवलंबून असलेले तिघे, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एकतृतीयांश वजा. महिना २०,०००, वर्षाला २,४०,०००, गुणिले १७, म्हणजे ४०,८०,००० रुपये. मग ३१ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रणय सेठी प्रकरणात निकाल दिला. स्वयंरोजगार असलेल्या किंवा ठरावीक पगारावरच्या माणसाचं वय चाळिसाच्या आत असेल, तर भविष्यातल्या उत्पन्नवाढीसाठी ४० टक्के धरायचे. त्याच कुटुंबाची भरपाई आता ५७,१२,००० रुपये झाली. अंत्यविधी, सहवासाचं नुकसान वगैरे शीर्षकांखालच्या रकमा वेगळ्या, आणि त्या दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात.

त्या कुटुंबाच्या बाजूने पाहिलं तर हा निकाल न्याय्य आहे, असं मला मनापासून वाटतं. रिक्षावाल्याची किंवा छोट्या दुकानदाराची कमाई वयाबरोबर वाढत नाही, असं धरणं चुकीचंच होतं. पण ॲक्च्युअरी म्हणून पुढची गोष्ट बघा. निकाल २०१७ चा, पण तो २०१३ किंवा २०१४ सालच्या प्रलंबित दाव्यांनाही लागू झाला. त्या वर्षांचा प्रीमियम जुन्या समजुतीवर घेतलेला होता. आमच्या ट्रँगलमध्ये, म्हणजे क्लेमच्या त्रिकोणी तक्त्यात, ओळी अपघाताच्या वर्षाच्या असतात, स्तंभ किती काळ उलटला त्याचे आणि तिरक्या रेषा कॅलेंडर वर्षाच्या. असा निकाल एका ओळीवर येत नाही. तो तिरक्या रेषेवर येतो आणि सगळ्या जुन्या वर्षांना एकदम स्पर्श करतो. जुने दावे कसे वाढत गेले त्यावरून पुढची वाढ काढणाऱ्या साध्या चेन लॅडर पद्धतीला तिरकी रेषा दिसतच नाही. अमेरिकेतले आमचे सहव्यावसायिक ज्याला सोशल इन्फ्लेशन (न्यायालयीन निकालांमुळे भरपाई महागाईपेक्षा वेगाने वाढणं) म्हणतात, त्याचं भारतातलं रूप मला इथे दिसतं, फक्त तिथे ज्युरी असते आणि इथे गुणकांचा तक्ता.

पुढे आणखी दोन तिरक्या रेषा आल्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये रस्ते रिकामे झाले, अपघात घटले आणि न्यायाधिकरणांचं कामही ठप्प झालं. त्या वर्षी आकडे कमी दिसले, पण त्यात खरोखर कमी झालेले अपघात किती आणि नुसते लांबलेले दावे किती, हे वेगळं काढणं फार अवघड होतं. मग मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत आणली. त्याआधी कित्येक वर्षं मुदतच नव्हती. दावे लवकर येऊ लागले की जुने डेव्हलपमेंट फॅक्टर (दावे काळानुसार किती पटीने वाढतात ते आकडे) आयबीएनआर फुगवून दाखवतात. पण या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे आयबीएनआर त्या हिशेबाने आजच पूर्ण कमी करून टाकणंही शहाणपणाचं नाही. नव्या मुलांनी अशा ठिकाणी चेन लॅडर आणि बॉर्नह्युटर-फर्ग्युसन (हिच्यात आधी धरलेल्या अपेक्षित तोट्याचाही आधार घेतात) या दोन्ही पद्धती चालवून फरक का पडतो, ते शब्दांत लिहून काढावं. माझ्या वरिष्ठांनी मला हे करायला लावलं आणि मी त्यांची कायम ऋणी आहे.

पाणी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अरबी समुद्र तापतोय आणि तिथल्या चक्रीवादळांचं स्वरूप बदलतंय, हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संशोधनातून मांडलं आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणून जो आकडा आम्ही पुनर्विमा कंपनीसमोर (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीसमोर) ठेवतो, तो ज्या शंभर वर्षांवरून काढलाय ती वर्षंच आता प्रातिनिधिक राहिलेली नाहीत.

तरीही माझ्या मते मॉडेलपेक्षा मोठी अडचण पत्त्याची आहे. पॉलिसीवर पत्ता असतो फोर्ट किंवा अंधेरीतल्या ऑफिसचा आणि माल असतो भिवंडीच्या गोदामात. एकाच नदीकाठच्या, एकाच पट्ट्यातल्या गोदामांमध्ये आपल्या कंपनीचा मिळून किती कोटींचा माल आहे, हे माहीत नसेल तर पुराचं कितीही महागडं मॉडेल विकत घेऊन उपयोग नाही. तळमजला की वरचा मजला, प्लिंथ (जोतं) किती उंच, हे तपशील अंडररायटिंगच्या (जोखीम तपासून विमा स्वीकारण्याच्या) फायलीत असतात आणि डेटाबेसमध्ये नसतात. सुरुवातीची वर्षं हे काम कंटाळवाणं वाटेल, पण मनापासून करा. १ एप्रिलला भारतातल्या पुनर्विम्याच्या करारांचं नूतनीकरण होतं. त्याआधीच्या महिन्यांत तुमच्या या यादीवर खरे पैसे ठरतात.

अंडरइन्शुरन्स, म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा, हेही इथे समजून घ्या. दुकानात वीस लाखांचा माल आणि विमा दहा लाखांचा असेल, तर ॲव्हरेजच्या कलमामुळे सहा लाखांच्या नुकसानीवर तीनच लाख मिळतात. चिखलात उभ्या असलेल्या दुकानदाराला हे सांगायची वेळ येऊ नये यासाठी पॉलिसीची रचना, तिची भाषा आणि विमा रकमेची नियमित फेरतपासणी यांतही ॲक्च्युअरीने बोललं पाहिजे.

पीकविम्याबद्दल थोडं. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली पीक गेलं तर भरपाई मिळते ते) मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून ठरतं आणि नुकसान प्रामुख्याने महसूल मंडळाच्या पातळीवर, पीककापणी प्रयोगांवरून मोजलं जातं. शेजारच्या गावात पाऊस झाला आणि आपल्या शिवारात नाही, तर शेतकरी कोरडाच राहतो. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला आणि २०२५ मध्ये तो बंद केला. मधल्या काळात अर्जांची संख्या आणि स्वरूप दोन्ही पालटलं, बोगस अर्जांचीही भरपूर चर्चा झाली. ती दोन वर्षं भविष्याच्या हिशेबात कशी धरायची हा खरा प्रश्न आहे. ८०:११० चा (भरपाई प्रीमियमच्या किती टक्के झाली, त्याच्या या दोन सीमा) बीड पॅटर्न नक्की अभ्यासा. कंपनीचा तोटाही मर्यादित आणि नफाही मर्यादित, अशी ही रचना आहे आणि जोखीम वाटून घेण्याचं इतकं स्पष्ट उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडत नाही.

जिथे इतिहासच नाही

सायबरमध्ये मागे बघायला फारसं काही नाही. २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात युक्रेनपासून सुरू झालेल्या गोंधळाने न्हावा शेवाच्या जेएनपीटीमधलं एक टर्मिनल ठप्प झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेही कुणी हल्ला न करता. पुरात कोकण बुडालं तरी विदर्भ कोरडा राहतो. सायबरमध्ये भूगोलाचा असा आधार नाही. म्हणून इथे सरासरीपेक्षा एकाच सॉफ्टवेअरवर आपले किती विमेदार अवलंबून आहेत, ही नोंद जास्त मोलाची. इलेक्ट्रिक गाड्यांचंही काहीसं असंच आहे. बॅटरीला मार लागला की दुरुस्ती करायची की गाडी टोटल लॉस धरायची, याचा निर्णय अजून स्थिरावलेला नाही आणि पेट्रोल गाड्यांच्या डेटावरून तो काढता येत नाही.

हिशेबाचे नियमही बदलत आहेत. आयएफआरएस १७ हे विमा करारांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक जगात १ जानेवारी २०२३ पासून लागू झालं. त्याचं भारतीय रूप, इंड एएस ११७, ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झालं. त्यात भविष्यातल्या क्लेमची आजची किंमत काढावी लागते आणि अनिश्चिततेसाठी वेगळी रक्कम दाखवावी लागते. व्याजदराचा नुसता एक आकडा काय करू शकतो, ते पुण्या-गुरुग्राममधून ब्रिटिश कंपन्यांचं काम करणाऱ्यांना विचारा. तिथला ऑग्डन दर (एकरकमी भरपाई ठरवताना भविष्यातल्या नुकसानीची आजची किंमत काढायचा सरकारी दर) २०१७ मध्ये २.५ टक्क्यांवरून थेट उणे ०.७५ वर आला आणि गंभीर दुखापतीच्या दाव्यांच्या रकमा एकदम चढल्या. पुढे तो २०१९ मध्ये उणे ०.२५ झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये अधिक ०.५.

मशीन लर्निंगबद्दल नवी मुलं सर्वांत उत्साहाने विचारतात. शिका, जरूर शिका. पण ग्राहकाला जास्त दर का लावला हे तुम्हाला साध्या मराठीत सांगता येत नसेल, तर ते मॉडेल वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. पिनकोडच्या आडून वस्तीचा आणि उत्पन्नाचा भेदभाव दरात शिरतो. तो शोधणं हेही आपलंच काम.

महाराष्ट्रातल्या मुलामुलींना इथे एक फायदा आहे आणि तो त्यांनी पुरेपूर घ्यावा. इथल्या क्लेमच्या फायलींत एफआयआर, पंचनामा, सातबारा, तलाठ्याचा दाखला मराठीत असतात. मी रिझर्व्हिंगला असताना क्लेम विभागात जाऊन जुन्या फायली वाचायला मागायचे. अपघात महामार्गावर झाला की गावातल्या रस्त्यावर, जखमी माणूस काय काम करायचा, दावा उशिरा का आला, हे पंचनाम्यात आणि जबाबात असतं आणि सिस्टीमच्या रकान्यात नसतं. सर्व्हेअरबरोबर एखाद्या गॅरेजमध्ये किंवा गोदामात जायला मिळालं तर जा. न्यायाधिकरणाचे दोन-चार निकाल पूर्ण वाचा, गुणकाचा हिशेब स्वतः करून ताडून पाहा.

अजून नोकरी नसेल तरी सुरुवात करता येते. प्रत्येक विमा कंपनी आपल्या संकेतस्थळावर दर तिमाहीला एनएल नावाने क्रमांकित तक्ते जाहीर करते आणि आयआरडीएआय या विमा नियामकाचा वार्षिक अहवाल सगळ्यांना खुला असतो. एक कंपनी निवडा, तिच्या मागच्या काही वर्षांच्या तक्त्यांतून मोटार थर्ड पार्टीचे आणि आगीच्या विम्याचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. जिथे आकडा अचानक चढला किंवा उतरला, तिथे त्या वर्षी काय घडलं होतं ते शोधून एका पानावर लिहा. मुलाखतीला जाताना ते पान बरोबर न्या. माझ्यासमोर असा उमेदवार आला तर मी बाकीचे प्रश्न नंतर विचारेन.