पैसेही वाचवायचेत आणि पर्यावरणही? मग या चुका टाळा

तरुण मंडळींना दोन्हींची आस्था आहे, यात वाद नाही. गडबड होते ती घाईत. पहिल्याच आठवड्यात काहीतरी विकत घ्यायचं, आणि ते 'पर्यावरणपूरक' आहे म्हणून त्याला खर्च म्हणायचंच नाही.

जुनं चालू असताना नवं आणणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नेहमीचा नमुना सांगतो. वर्षाला 500 युनिट खाणारा फ्रिज आहे, म्हणून एक जोडपं 250 युनिटवाला नवा हप्त्यांवर घेतं. इथवर गणित ठीक. पण जुना 'चालू आहे, कशाला काढायचा' म्हणून बाल्कनीत जातो, पाण्याच्या बाटल्या गार करायला. आता 500 च्या जागी 750 युनिट, वर हप्ता. बाल्कनीतल्या उन्हाने कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, ते वेगळंच. तीन बिलं आली की शिव्या नव्या फ्रिजच्या कंपनीला. जुन्याचा प्लग काढायचं कुणाच्या मनात येत नाही.

घेण्याआधी सॉकेटला लावायचा वीजमीटर मिळवा आणि जुना फ्रिज सात दिवस मोजा. तासाभराच्या आकड्यावर जाऊ नका, कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो. आठवड्याचा आकडा गुणिले 52. त्यातून नव्याचे युनिट वजा करा, उरलेल्याला युनिटच्या दराने गुणा आणि नव्याच्या किमतीला त्या बचतीने भागा. उत्तर बारा-पंधरा वर्षं आलं तर गप्प बसा. त्याआधी दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. सहज निसटली तर दाराचं रबर गेलंय. बदलायचं ते रबर, फ्रिज नाही.

फोनच्या बाबतीत तर वीजबचतीचं हे कारण टिकतच नाही. 5000 एमएएचची बॅटरी रोज पूर्ण चार्ज केली तरी वर्षाला 10 युनिटही लागत नाहीत, मग नवा फोन वाचवणार काय? फोनचा बहुतेक कार्बनभार, म्हणजे त्याच्यापायी हवेत जाणारा कार्बन, कारखान्यातच झालेला असतो. क्षमता 80 टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदला.

कापडी पिशव्यांचा ढीग

डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने 2018 मध्ये मांडलेला हिशोब असा: साधी सुती पिशवी फक्त हवामानाच्या निकषावर सुपरमार्केटमधल्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला 52 वेळा वापरावी लागते. बाकीचे निकष धरले तर हजारो वेळा. दोन पिशव्या पुरे. एक कायम बॅगेत.

'मिनिमम ड्यू' भरून निर्धास्त होणं

क्रेडिट कार्डावर 40,000 थकलेत, व्याज दरमहा 3 टक्के आणि किमान भरणा (मिनिमम ड्यू) व्याजासकट थकबाकीच्या 5 टक्के धरा. पहिल्या महिन्यात 1,200 व्याज चढतं, तुम्ही 2,060 भरता, मुद्दल उतरतं फक्त 860. नवी खरेदी शून्य ठेवली तरी थकबाकी निम्म्यावर यायला 32 महिने लागतात. महिन्याला 3 म्हणजे वर्षाला 36 समजणाऱ्यांनी चक्रवाढ लावून बघावी: साडेबेचाळीसच्या वर जातं.

इलाज कंटाळवाणा आहे. पूर्ण रकमेचं ऑटो-डेबिट लावा, आणि थकबाकी असेल तर ती फिटेपर्यंत कार्ड कपाटात. तोवर गुंतवणुकीच्या गप्पा नकोत. 42 टक्के भरत असताना 10 टक्के कमावण्यात काय हशील? झटपट मार्ग विचारणारे नेमके इथेच उठून जातात.

बाकीच्या किरकोळ

- खर्चाचं ॲप लावून तीस वर्गवाऱ्या पाडणं. माझ्या मते चार पुरेत: घर, प्रवास, खाणं, इतर.
- 'परत करता येतं' म्हणून तीन मापांचे कपडे मागवणं. जाण्यायेण्याच्या वाहतुकीचा खर्च कुणीतरी भरतंच.
- स्टँडबाय विसरणं. 5 वॅटचं उपकरण वर्षभर लावून ठेवलं तर जवळपास 44 युनिट. मी स्विच असलेला एक्स्टेन्शन बोर्ड वापरतो.
- नावात 'ग्रीन' आहे म्हणून फंड घेणं. आधी त्यातल्या पहिल्या दहा कंपन्या वाचा, मग खर्चाचं प्रमाण बघा, म्हणजे फंड दरवर्षी तुमच्या पैशातून किती टक्के कापतो ते. 1,00,000 वर 20 वर्षं 10 ऐवजी 9 टक्के मिळाले, तर शेवटी 1,12,000 च्या वर कमी हातात येतात. दहा नावांत तेल कंपन्या दिसल्या तर तो एक टक्का नेमका कशासाठी, हे फंडवाल्यांना विचारा.