सरकारकडे अडकलेले हक्काचे पैसे: लोकसभेच्या याचिका समितीकडे दाद कशी मागावी

निवृत्तिवेतनातला फरक, टपाल खात्यात अडकलेली ठेव, मृत कर्मचाऱ्याच्या वारसांची देणी. केंद्र सरकारकडे अशी रक्कम अडकली की माणूस एकतर कचेरीत हेलपाटे घालत राहतो, नाहीतर वकील गाठतो. याखेरीज आणखी एक वाट आहे, लोकसभेच्या याचिका समितीची. तिथे वकील लागत नाही आणि कोर्ट फी भरावी लागत नाही. समितीत लोकसभा अध्यक्षांनी नेमलेले 15 खासदार असतात. मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही.

समिती स्वतः पैसे देत नाही आणि तिची शिफारस कायद्याने बंधनकारक नसते. पण ती मंत्रालयाकडून लेखी खुलासा मागवते, गरज पडल्यास अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावते आणि आपला अहवाल सभागृहात मांडते. खालच्या टेबलावर पडून राहिलेली फाइल त्यामुळे वरच्या अधिकाऱ्याला स्वतः वाचावी लागते. खरा फायदा हाच.

दारात जाण्यापूर्वी

विषय केंद्राचा आहे का, हे आधी पाहा. रेल्वे, टपाल, संरक्षण, भविष्य निर्वाह निधी, केंद्राच्या अखत्यारीतील कंपन्या इथे चालतात. जिल्हा परिषद शिक्षकाचे वेतन किंवा राज्याच्या धरणाखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला असेल, तर जागा राज्य विधानमंडळाची विनंती अर्ज समिती. चुकीच्या दारी दिलेल्या अर्जात महिने वाया जातात.

कायद्याने दुसरा उपाय दिलेला असेल, तर तो आधी वापरावा लागतो. राष्ट्रीय महामार्गासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला कमी वाटत असेल, तर 1956 च्या कायद्यात लवादाची तरतूद आहे. ती सोडून समितीकडे जाऊन उपयोग नाही. न्यायालयात चालू असलेले प्रकरणही समिती हाती घेत नाही.

खात्याचा लेखी नकार हातात हवा. तो मिळत नसेल, तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून तुमच्या प्रकरणातील टिपण्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रती मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. नकाराचे खरे कारण बहुधा त्या टिपण्यांतच सापडते आणि निवेदन त्या कारणाला उत्तर देणारे असले पाहिजे.

मुदतीचे घड्याळ थांबत नाही

लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. समितीकडे निवेदन दिले म्हणून न्यायालयाची मुदत वाढत नाही. पैशाच्या बहुतेक दिवाणी दाव्यांना 3 वर्षे मिळतात. केंद्रीय सेवेतील वादासाठी प्रशासकीय न्यायाधिकरणात अंतिम आदेशापासून 1 वर्षात जावे लागते. अर्जामागून अर्ज केल्याने ही मुदत लांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले आहे.

म्हणून मुदत संपण्याची तारीख आधी कागदावर लिहा. हाताशी एक-दोन वर्षे असतील, तर समितीकडे खुशाल जा. चारच महिने उरले असतील, तर आधी वकिलाला भेटा. सरकारवर दिवाणी दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली 2 महिन्यांची नोटीस द्यावी लागते. केंद्राविरुद्ध ती त्या खात्याच्या सचिवांना आणि रेल्वे असेल तर त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना जाते. नोटिशीचे हे 2 महिने मुदतीत धरत नाहीत.

निवेदन लिहिताना

नियमांत 'याचिका' आणि 'निवेदन' वेगळे आहेत. याचिका विधेयकावर किंवा सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर असते. तिचा नमुना ठरलेला असतो आणि तिला इतर कागद जोडता येत नाहीत. एकट्याच्या गाऱ्हाण्यासाठी निवेदनच द्या. त्यासाठी खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागत नाही.

मजकूर दोन पानांपेक्षा जास्त नको. पूर्ण नाव, पत्ता आणि सही हवीच. निनावी अर्ज घेतला जात नाही. पहिल्या परिच्छेदात रक्कम, खाते आणि ती कधीपासून देय आहे, ते लिहा. मग तारखांची साखळी: अर्ज कधी केला, काय उत्तर आले, नकाराला कोणता नियम दाखवला. त्यानंतर तो नियम तुम्हाला का लागू होत नाही, ते सांगा. शेवटी मागणी एकच आणि मोजता येईल अशी ठेवा: "1 जुलै 2019 पासूनचा निवृत्तिवेतनातील फरक व्याजासह देण्याची शिफारस व्हावी." "न्याय मिळावा" एवढेच लिहिले, तर समिती मंत्रालयाला नेमके विचारणार काय? अधिकाऱ्यांवरचे आरोप आणि रागाची भाषा मूळ मुद्दा झाकून टाकते, ती गाळा.

नकाराचे पत्र, मूळ आदेश आणि माहिती अधिकारातील टिपणी एवढ्याच प्रती, क्रमांक घालून, जोडा. मूळ कागद कधीही पाठवू नका. निवेदन मराठीत असेल, तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून द्या.

पाकीट लोकसभा सचिवालय, संसद भवन, नवी दिल्ली 110001 इथे, याचिका समितीच्या नावे, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. दुसऱ्या खात्याला लिहिलेल्या पत्राची नुसती प्रत पाठवणे निरर्थक आहे. त्या प्रतीवर तक्रार सोडवण्याची स्वतंत्र विनंती नसेल, तर ती विचारात घेतली जात नाही.

सेवेत असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांनी एक जपावे. वर्तणूक नियम 20 नुसार सेवेच्या प्रश्नात वरिष्ठांवर राजकीय किंवा बाहेरचे वजन आणता येत नाही. निवेदन देण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्या.

पाठवल्यानंतर

सचिवालय छाननी करते आणि विषय बसत असेल, तर मंत्रालयाकडून वस्तुस्थिती मागवते. मंत्रालयाने चुकीची माहिती कळवली आहे असे दिसले, तर त्याच मुद्द्यावर एका पानाचे उत्तर कागदासह पाठवा. जुनी कहाणी पुन्हा सांगू नका. प्रत्येक पत्रावर पहिल्या निवेदनाची तारीख आणि सचिवालयाने दिलेला क्रमांक घाला. मधेच लोकसभा विसर्जित झाली, तर ती समितीही संपते. नवी समिती नेमली गेल्यावर जुन्या पत्रव्यवहाराच्या प्रती जोडून निवेदन पुन्हा द्या.