फ्रान्सची खरेदी : आधी माणसांची यादी, मग वस्तूंची

ठाणे शहरात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे. मुलगी लग्नानंतर पॅरिसला गेली, म्हणून माझं दोनदा जाणं झालं. एकदा जूनमध्ये, एकदा ऐन जानेवारीत. तेव्हापासून माप द्यायला आलेली बाई हात पसरून उभी राहिली, की टेप बगलेखालून जायच्या आतच विचारते, "काकू, आम्ही मे महिन्यात युरोप टूरला चाललोय. पॅरिसला काय घेऊ?" तोंडात टाचण्या धरून याचं उत्तर देता येत नाही. म्हणून एकदाच लिहून काढते.

पहिलं काम ठाण्यातच उरकायचं. यादी करा, पण वस्तूंची नको, माणसांची. अंडं कोण खात नाही, उग्र वास कोणाला सोसत नाही, कोणाचा जीव स्वयंपाकघरात रमतो, हे सगळं त्यात आलं पाहिजे. भाचरा-नातवंडांना कपडे घ्यायचे असतील तर त्यांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. तिथे लहान मुलांच्या कपड्यांवर वयाच्या जोडीला उंची छापलेली असते. बायकांच्या मापांचे आकडेही फसवे आहेत. फ्रान्सचं 38 म्हणजे जर्मनीचं 36 आणि इंग्लंडचं 10. मी पर्समध्ये टेपच ठेवते. छाती आणि खांदा मोजून घेतला की झालं, लेबलवर काही का लिहिलेलं असेना.

दुसरं, दुकानात पाऊल टाकताच "बाँझूर" म्हणायचं. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर, आपण थेट "कसे दिले?" विचारतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. तिथे बाँझूर न म्हणता भाव विचारलात तर समोरची बाई अशी काही बघते, की आपण तिच्या घरात चपला घालून शिरलोय. निघताना "मेर्सी, ओ रव्वार". एवढ्या तीन शब्दांवर माझं निम्मं पॅरिस झालं.

आता कापड, कारण ते मला कळतं. मोंमार्त्रच्या टेकडीवरचं साक्रे-कर चर्च बघायला तुमची टूर नेणारच. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, वर चढायला लागलात की उजव्या अंगाला, मार्शे सँ-पिएर नावाची कापडाची इमारत आहे आणि तिच्या आसपासची अख्खी गल्ली कापडवाल्यांची. मेट्रोचं स्टेशन आन्व्हेर. बाकीचे वर फोटो काढत असतील तेव्हा तुम्ही इथे शिरा. मजला बदलला की माल बदलतो. सुती, रेशमी, पडद्याचं, सोफ्याचं, सगळं वेगळं. विक्रेत्याच्या हातात लाकडी मीटरपट्टी असते. कापड मोजून कापून देतो, चिठ्ठी लिहितो, पैसे मात्र गल्ल्यावर वेगळ्या रांगेत भरायचे. मी एका फिकट निळ्या कापडाला बोट लावलं, दोन बोटांत चुरगळून सोडलं, चुणी राहते का बघितलं. तो विक्रेता हसला आणि त्याने स्वतः दुसरा ठाण खाली ओढून तसंच चुरगळून दाखवलं. भाषा नव्हती, पण आम्हा दोघांना कळलं की हे घ्यायचं.

कमी खर्चात हवं असेल तर शेजारच्या दुकानांत तीन-तीन मीटरचे कापलेले तुकडे मिळतात, त्यांना तिथे 'कुपाँ' म्हणतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघून घ्या. एक मीटर चाळीसचा पन्हा असेल तर तीन मीटरांत दोन कुर्ते आरामात निघतात. इमारत रविवारी बंद असते, तेव्हा टूरचा कार्यक्रम आधी बघा.

मोठ्या दुकानांबद्दल सांगते. बुल्व्हार ओसमानवरचं गॅलरी लाफाएत बघाच, त्याचा रंगीत काचेचा घुमट 1912 सालचा आहे आणि गच्चीवर जायला पैसे पडत नाहीत. आयफेल टॉवर तिथूनही दिसतो. नदीच्या पलीकडचं बाँ मार्शे 1852 पासूनचं, जरा शांत. पण मी तिथे काही घेतलं नाही. मी महागडे कोट उलटे करून बघितले. अस्तर कसं लावलंय, शिवणीत किती कापड सोडलंय, चौकटीची रेघ बाहीवर येताना जुळलीय का. अर्धा तास बघितलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या हाताखालच्या मुलींना दाखवावं असं बरंच होतं. तुम्हीही घ्यायच्या आधी कपडा उलटा करा. चारशे युरोच्या जॅकेटची चौकट जुळत नसेल तर पैसे नावाचे आहेत, शिलाईचे नाहीत.

रोजच्या वापराचं घ्यायला मात्र मोनोप्री बरं. आपल्याकडच्या सुपरमार्केटसारखं, भाजी-बिस्किटं आणि वर कपडे. तिथले सुती टी-शर्ट, लहान मुलांचे झबले-फ्रॉक आणि छापील कापडी पिशव्या भावाला वाजवी असतात. शाँझेलिझे रस्ता चालायला छान, पण खरेदीला नको. तिथली बरीच नावं मुंबईतल्या मॉलमध्येही दिसतात.

एक गंमत. दक्षिणेत प्रोव्हाँसकडे गेलात तर बारीक फुलांचं छापील सुती कापड, टेबलक्लॉथ, पिशव्या दिसतील. त्या कापडाला तिथे 'अँदिएन' म्हणतात, म्हणजे चक्क 'हिंदुस्थानी'. आपल्याकडची छापील सुती कापडं तिकडे इतकी खपायला लागली, की तिथल्या विणकरांचा धंदा बसला आणि राजाने 1686 मध्ये या कापडांवर बंदीच घातली. ती 1759 मध्ये उठली. पुढच्याच वर्षी ओबरकाम्फ नावाच्या माणसाने झुई गावात छपाईचा कारखाना काढला. पॅरिसमध्ये त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे. आपलीच नक्कल आपण युरो मोजून आणायची का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी एक टेबलक्लॉथ आणला.

आता पैशांचं, इथे नीट लक्ष द्या. युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्यांना व्हॅटचा काही भाग परत मिळतो, त्याला 'देताक्स' म्हणतात. कपड्यांवर व्हॅट वीस टक्के असतो, पण परतावा देणारी मधली कंपनी आपला वाटा कापते, तेव्हा हातात बारा टक्क्यांच्या आसपास येतात. अट अशी की खरेदी एकाच दुकानात, तीन दिवसांच्या आत, 100 युरोच्या वर झाली पाहिजे, आणि पासपोर्ट दाखवून फॉर्म तिथेच घ्यायचा. पहिल्या खेपेला मी बहिणींसाठी वगैरे मिळून 140 युरोची खरेदी केली. मुलगी मायेने पुढे झाली, स्वतःचं कार्ड काढलं, बिलही तिच्या नावावर. ती तिथली रहिवासी, तिला देताक्स नाहीच. काउंटरवरच्या मुलीने मान हलवली आणि माझे सोळा-सतरा युरो गेले. तेव्हा लेकीला म्हणावं, तू पिशव्या धर, बिल माझ्या नावावर.

फॉर्म नुसता घेऊन चालत नाही. शार्ल द गोल विमानतळावर 'पाब्लो' नावाची यंत्रं आहेत, त्यांवर फॉर्मचा बारकोड दाखवायचा. हिरवं आलं की झालं. हे बॅग चेक-इन करायच्या आधी करा, कारण कस्टमवाले वस्तू बघायला मागू शकतात. आणि टूरवाल्यांनो, पॅरिसहून बसने स्वित्झर्लंडला जाणार असाल तर ध्यानात ठेवा, स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. तिथे शिरतानाच्या सीमेवर फॉर्मवर शिक्का घ्यावा लागतो. इटलीहून परतणार असाल तर शिक्का इटलीच्या विमानतळावर.

सेल तिथे वर्षातून दोनदा, सरकारी नियमाने ठरलेल्या तारखांना, चार-चार आठवडे. उन्हाळ्याचा साधारण जूनमधल्या शेवटच्या बुधवारी सुरू होतो, हिवाळ्याचा साधारण जानेवारीतल्या दुसऱ्या बुधवारी. मे महिन्याची टूर म्हणजे सेल हुकला. रविवारी टुरिस्ट भाग सोडले तर बरीच दुकानं बंद असतात, हेही बघून ठेवा.

खाण्याकडे वळू. सकाळचा भाजीबाजार बघायचा असेल तर आलिग्र, सोमवारी बंद. तिथे मी पहिल्याच दिवशी फजिती करून घेतली. टोमॅटो दिसले, तोंडाला पाणी सुटलं, आणि जांभळी नाक्याची सवय, हात पुढे करून एक दाबून बघितला. भाजीवाली ओरडली, "न तुशे पा, मादाम!" हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ. तिथे आपण किती हवेत ते सांगायचं आणि निवडून ती देणार. अट मला जाचक वाटली, पण तिने दिलेला एकही टोमॅटो खराब निघाला नाही. दुपारी एकच्या सुमाराला बाजार आवरायला लागतो, तेव्हा भाव खाली येतात. पिशवी घरून न्या.

ब्रेडच्या दुकानात नुसता बगेत, म्हणजे तो लांब पाव, न मागता 'त्रादिस्याँ' मागा. 1993 च्या कायद्याने त्याचं पीठ गोठवायचं नाही आणि त्यात कसलंही ॲडिटिव्ह घालायचं नाही, असं बांधून दिलंय. दुकानातून बाहेर पडताच टोक मोडून खा, तिथे सगळेच खातात. चीज मात्र तिथेच खाऊन या. बॅगेत वास बसतो, आणि शाकाहारी मंडळींनी एवढं जाणून घ्या की कोंते, कामांबेर, रोकफोर यांसारखी नावाजलेली चीजं जनावराच्या पोटातल्या विरजणाने लावतात.

गोडाचा प्रश्न सर्वांत नाजूक, कारण इथेच आपल्या सासरच्या चुलत्या-मावश्या आडव्या येतात. मॅकरॉन दिसायला सुरेख, पण त्यात अंड्याचा पांढरा भाग असतोच, शिवाय तीन-चार दिवसांवर टिकत नाहीत. मोंतेलिमार गावच्या नूगा नावाच्या मिठाईतही अंडं. एक्स गावचे कालिसाँ म्हणजे बदामाची वडी, पण वरच्या पांढऱ्या थरात पुन्हा अंडं. जेलीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, तेही डुकराचं. मग राहिलं काय? एक, 'पात द फ्रुई', फळांच्या गराच्या साखर लावलेल्या वड्या. आपल्या आंबावडीच्या घरातल्या. त्या पेक्टिनवर जमतात, तरी डब्यावर 'जेलातीन' शब्द नाही ना ते बघा. दुसरं माझं लाडकं, 'आनी द फ्लाविन्यी'. बडीशेपेच्या नात्यातल्या एका दाण्यावर साखरेचे थरावर थर चढवून वाटाण्याएवढी पांढरी गोळी करतात, एका गोळीला पंधरा दिवस लागतात. बरगंडीतल्या फ्लाविन्यी गावात जुन्या मठात कारखाना आहे. छोट्या लंबगोल पत्र्याच्या डब्या, वर धनगर आणि धनगरणीचं चित्र. आमच्या सोसायटीतल्या साठीच्या पुढच्या सगळ्यांना हीच डबी दिली. जेवणानंतर एकेक तोंडात टाकतात आणि म्हणतात, ही तर आपलीच बडीशेपेची गोळी. आहेच!

स्वयंपाकाची आवड असलेल्यांना दिजों मोहरी आणि गेराँदचं मीठ, 'फ्लर द सेल', सुपरमार्केटमधूनच घ्या. शोभेच्या दुकानात तेच दामदुप्पट. मोहरी, जाम, मध हे सगळं विमानतळवाल्यांच्या लेखी द्रव पदार्थ, म्हणून मोठ्या बॅगेत, मोज्यांत गुंडाळून. पॅरिसच्या मधोमध, ले आल या भागाजवळ, ई. दहिल्राँ हे 1820 सालापासूनचं भांड्यांचं दुकान आहे. छतापर्यंत तांब्याची भांडी, काहींना आतून चक्क कल्हई. तांब्याचं भांडं जड आणि महाग, पण मादलेन केकचा साचा परवडतो. पुरुषमंडळींना काय द्यायचं हा कायमचा पेच, त्यावर ओपिनेल कंपनीचा लाकडी मुठीचा घडीचा चाकू. तोही हातातल्या बॅगेत नको.

घासाघीस करायची हौस असेल तर पोर्त द व्हांव्ह मेट्रोजवळचा जुना बाजार, शनिवार-रविवार सकाळी. इथे मी दोन तास गुडघे मोडून बसले होते. शिंपल्याची जुनी बटणं, हाताने विणलेल्या लेसच्या पट्ट्या, नावाची अक्षरं भरतकामात काढलेल्या जाड सुती चादरी. "अँ पती प्री?" असं हसून विचारायचं, म्हणजे "थोडं कमी?" रोख पैसे हवेत.

औषधाच्या दुकानातून, म्हणजे हिरवा क्रॉस दिसेल तिथून, क्रीमं आणा. ज्यांची नावं मुली रीलमध्ये बघतात ती तिथे इथल्यापेक्षा स्वस्त पडतात.

आणि वाण. जानेवारीत परतले ती संक्रांतीच्या तोंडावर, हातात काहीच वेळ नव्हता. मार्सेयचा साबण घेतला होता, सहाशे ग्रॅमचे हिरवट चौकोनी ठोकळे, वर 72 टक्के तेलाचा छाप. घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. 'सोडियम टॅलोएट' लिहिलं असेल तर ती जनावराची चरबी, ऑलिव्ह तेलाचा असेल तो घ्या. घरी ठोकळ्यांच्या तारेने वड्या पाडल्या, सुरीने कडा तुटतात. प्रत्येक वडी सँ-पिएरच्या त्या निळ्या कापडाच्या कतरणीत बांधली आणि रथसप्तमीपर्यंत बायकांना हळदीकुंकवाला तेच वाण दिलं. छाप असलेला पूर्ण ठोकळा एकच ठेवला होता, तो विहीणबाईंना.