हाताने रेकॉर्ड धुताना

विनाइलची रेकॉर्ड खरखरू लागली की पहिला मोह होतो तो कापड घेऊन ती जोर लावून पुसण्याचा. तो टाळावा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या लाँगप्ले रेकॉर्डची वीस मिनिटांची एक बाजू म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढी रुंद आणि उलगडली तर चारशे मीटरांहून लांब भरेल अशी एकच खाच असते. कोरडे कापड त्या खाचेच्या तळाशी पोहोचतच नाही. उलट वरची धूळ आत दाबते आणि घर्षणाने स्थिर वीज निर्माण करून आणखी धूळ ओढून घेते. तळाचा मळ सोडवण्याचे काम द्रवाचे असते, आणि मळ मिसळलेला तो द्रव खाचेतच वाळण्यापूर्वी टिपून घेणे हे आपले.

धुण्याआधी रेकॉर्ड कशाची आहे ते पाहून घ्यावे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या, जड आणि ठिसूळ रेकॉर्ड बहुतांशी लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे पुढे सांगितलेले मिश्रण त्यांना चुकूनही लावू नये. विनाइलसाठी ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोच्या डार्करूममध्ये वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब एवढे पुरते. वेटिंग एजंटमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते थेंब धरून वर न राहता खाचेत उतरते. अल्कोहोल जास्त घातल्याने रेकॉर्ड अधिक स्वच्छ होते असा माझा तरी अनुभव नाही. ते ज्वालाग्राही असल्याने जवळपास पेटती ज्योत नसावी, हे मात्र विसरू नये. नळाचे पाणी वापरू नये, कारण ते वाळल्यावर त्यातले क्षार खाचेतच राहतात. काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव आणि सुगंधी साबण यांनाही इथे स्थान नाही.

प्रथम कार्बन फायबरच्या ब्रशाने सुटी धूळ काढावी, नाहीतर तिचाच चिखल होतो. मग रेकॉर्ड स्वच्छ, लव नसलेल्या जाड टॉवेलवर सपाट ठेवावी. चालू टर्नटेबलवर हे काम करू नये, कारण यंत्रात पाणी जाते आणि दाबाने बेअरिंगवरही ताण येतो. मधले लेबल कागदी असल्याने ओले झाले की फुगते आणि त्याचा रंग उतरतो. म्हणून मिश्रण त्याच्यापासून बोटभर अंतर राखून सोडावे. ते पसरले की मिनिटभर थांबावे. घाईत वगळली जाते ती नेमकी हीच पायरी, आणि वाळून घट्ट बसलेला मळ सैल होतो तोही याच मिनिटात. त्यानंतर मऊ केसांचा ब्रश किंवा मखमली पॅड हलक्या हाताने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, पाच-सहा वेळा फिरवावा. मध्यापासून कडेकडे आडवा हात मारला, तर ब्रशात अडकलेला एखादा कणसुद्धा अनेक खाचांवर ओरखडा उमटवू शकतो.

आता मळके पाणी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, त्याच गोल दिशेने, टिपून घ्यावे. यानंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवावे आणि दुसऱ्या कोऱ्या कापडाने टिपावे. धुऊनही रेकॉर्ड पूर्वीपेक्षा जास्त खरखरते अशी तक्रार असते, तेव्हा हे दुसरे धुणे राहून गेलेले असण्याची शक्यता मोठी असते. दुसरी बाजू धुण्यापूर्वी खालचा टॉवेल बदलावा. नाहीतर नुकतीच स्वच्छ केलेली बाजू तिच्याच मळावर टेकते.

धुतलेली रेकॉर्ड भांड्यांच्या स्टँडसारख्या आधारात उभी करून, पंख्याचा झोत टाळून, निदान अर्धा तास वाळू द्यावी. ऊन किंवा हेअर ड्रायर नको, कारण विनाइल उष्णतेने वाकते. वाळल्यावर ती जुन्या, धुळकट आतल्या पाकिटात परत घालू नये. नवे अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साठू न देणारे, पाकीट घ्यावे.

यानंतरही प्रत्येक फेरीला ठरावीक जागी टकटक होत राहिली, तर तो बहुधा ओरखडा असतो आणि तो धुण्याने जात नाही. धुतल्यानंतर पहिल्यांदा वाजवून झाल्यावर सुईचे टोक अवश्य पाहावे: खाचेत सैल होऊन राहिलेला मळ तिथे गोळा झालेला दिसतो, आणि तो सुईच्या छोट्या ब्रशाने फक्त मागून पुढे काढायचा असतो.